नेटवर्क नसलेल्या शाळेत टॅब, ॲप आणि क्लाउड : नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

मराठवाड्यातील जिल्हा परिषद शाळेत रुजू झालेल्या नव्या शिक्षकाच्या हाती पहिल्या महिन्याभरात एका कुलूपबंद कपाटाची किल्ली येते आणि त्या कपाटात, बहुतेक वेळा मूळ खोक्यातच, काही टॅब असतात. ते कधी शासकीय योजनेतून आलेले असतात, कधी लोकवर्गणीतून, तर कधी एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून. त्यांचा वापर कसा करायचा हे सांगणारे मात्र सहसा कोणी नसते, कारण ज्यांनी ते स्वीकारले ते शिक्षक एव्हाना बदलून गेलेले असतात.

प्रशिक्षणांत दाखवली जाणारी पद्धत अखंड वीज आणि वेगवान इंटरनेट गृहीत धरते. धारूर, पाटोदा, कळमनुरी किंवा किनवट तालुक्यातील वाडी-तांड्यावरच्या शाळेत यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. म्हणून सगळी मांडणी उलट्या बाजूने करावी लागते. वर्गातील प्रत्येक तासिका इंटरनेटशिवाय पूर्ण झाली पाहिजे, अशी तयारी आधी करावी. क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीचा, उपयोग आठवड्यातून एकदा-दोनदा, नेटवर्क मिळेल अशा जागी जाऊन, केवळ साठवणीसाठी आणि देवाणघेवाणीसाठी करावा. पुढील सर्व पायऱ्या या एका तत्त्वावर उभ्या आहेत.

आधी जवळ काय असावे

कागदपत्रे : डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही), टॅबची पावती किंवा हस्तांतरण पत्र, वॉरंटी कार्ड, टॅबच्या वापराबाबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पालकांची संमतिपत्रे, शाळेचा यू-डायस क्रमांक (शाळेचा शासकीय ओळख क्रमांक).

साधने : प्रत्येक टॅबसाठी जाड रबरी कव्हर, दोन मेमरी कार्डे आणि टॅबला थेट जोडता येईल असा एक ओटीजी पेनड्राइव्ह, जाड तारेचा, बीआयएस चिन्ह असलेला एक्स्टेन्शन बोर्ड, छोटा स्पीकर, आणि मिळाल्यास एक जुना लॅपटॉप व साधा वाय-फाय राउटर. शेवटच्या दोन वस्तूंचा उपयोग चौथ्या पायरीत येईल.

नवे टॅब खरेदी करण्याची संधी मिळाली, तर ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, मेमरी कार्डाची खाच आणि किमान ८ इंचांचा पडदा यांच्या खाली जाऊ नये. २ जीबी रॅमचे स्वस्त टॅब एका वर्षात इतके मंदावतात की मुलेच ते बाजूला ठेवतात.

१. टॅब ताब्यात घ्या आणि त्यांची नोंद तपासा

प्रत्येक टॅबवर मागील बाजूस क्रमांकाची चिकटपट्टी लावावी आणि तोच क्रमांक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये टॅबच्या अनुक्रमांकासमोर लिहावा. सिमकार्ड चालणारा टॅब असेल, तर त्याचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे उपकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हाही नोंदवावा. तो खोक्यावर छापलेला असतो आणि सेटिंग्जमध्येही दिसतो. टॅब चोरीला गेल्यास पोलिसांकडे तक्रार देताना आणि केंद्र शासनाच्या संचार साथी या संकेतस्थळावर तो बंद करताना हाच क्रमांक मागितला जातो. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅबला आयएमईआय नसतो, तेव्हा त्याचा अनुक्रमांक जपणे अधिक महत्त्वाचे ठरते.

या पायरीवरचा मोठा सापळा म्हणजे जुने गूगल खाते. टॅबमध्ये पूर्वीच्या शिक्षकाचे खाते असताना कोणी बटणे दाबून तो जबरदस्तीने रीसेट केला, तर अँड्रॉइडची संरक्षक व्यवस्था त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागते आणि तोपर्यंत टॅब उघडत नाही. म्हणून रीसेट करण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये जाऊन कोणाचे खाते आहे ते पाहावे, त्या शिक्षकांना फोन करावा आणि खाते रीतसर काढून टाकावे. टॅब आधीच अडकलेला असेल, तर मूळ पावती घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जावे. बाजारातील दुकानदार काही रुपयांत तो ‘फ्लॅश’ करून देतो, परंतु अशा टॅबमध्ये कोणती प्रणाली भरली गेली याची खात्री देता येत नाही, आणि ज्या उपकरणावर मुले काम करणार आहेत त्याबाबत ही जोखीम घेऊ नये.

२. शाळेची दोन खाती तयार करा

शिक्षक आपले वैयक्तिक जीमेल खाते सर्व टॅबमध्ये टाकून मोकळे होतात. त्यामुळे मुलांच्या हातातील टॅबवर शिक्षकांचा ईमेल, छायाचित्रे आणि संपर्क यादी उघडी राहते. शिवाय बदली झाली की टॅब पुन्हा अडकतात. त्याऐवजी दोन स्वतंत्र खाती उघडावीत.

पहिले खाते शाळेच्या कामाचे. गूगल ड्राइव्हमधील नोंदी, गुणपत्रके, प्रश्नसंच आणि ध्वनिमुद्रणे याच खात्यात राहतील आणि ते केवळ शिक्षकांच्या उपकरणावर उघडले जाईल. दुसरे खाते टॅबपुरते. त्याचा उपयोग प्ले स्टोअरवरून ॲप उतरवण्यापुरताच करावा आणि त्यात एकही कागदपत्र ठेवू नये.

गूगलच्या साध्या खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असते. कामाच्या खात्यावर फोटोजचा आपोआप बॅकअप चालू राहिला, तर स्नेहसंमेलनाचे दोन-चार व्हिडिओ ती जागा खाऊन टाकतात आणि ड्राइव्हमध्ये नवी नोंद चढणे थांबते. तेव्हा हा बॅकअप पहिल्याच दिवशी बंद करावा. शैक्षणिक संस्थांसाठी गूगलची वेगळी मोफत सेवाही आहे आणि तिची साठवण कितीतरी मोठी आहे, परंतु तिच्यासाठी संस्थेच्या नावाचे इंटरनेट डोमेन आणि पडताळणी लागते. दोन शिक्षकांच्या शाळेने एकटीने त्या वाटेला जाऊ नये. केंद्र किंवा तालुका पातळीवर कोणी पुढाकार घेत असेल, तर जरूर सहभागी व्हावे.

दोन्ही खात्यांना द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, लावावी. ती लावल्यावर गूगल १० राखीव संकेतांकांचा संच देते आणि त्यांतील प्रत्येक संकेतांक एकदाच चालतो. हे संकेतांक कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात पाकिटात ठेवावेत. बदलीच्या वेळी चार्ज देताना डेडस्टॉकबरोबर या पाकिटाचीही नोंद चार्ज यादीत करावी आणि खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक त्याच दिवशी बदलून घ्यावा. ज्याने खाते उघडले त्याच्याच क्रमांकावर ओटीपी जात राहिला, तर पुढच्या शिक्षकाला दर वेळी जुन्या सरांना किंवा मॅडमना फोन करावा लागतो, आणि ते एव्हाना दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात. हेही ध्यानात ठेवावे की सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल हटवू शकते. म्हणजेच कपाटात पडून राहिलेल्या टॅबबरोबर त्यातील खातेही मरते.

३. टॅब मुलांच्या हाती देण्याजोगा करा

प्रणाली अद्ययावत करावी, अनावश्यक खेळ आणि खरेदीची ॲप काढून टाकावीत, प्ले स्टोअरला पासवर्ड लावावा आणि यूट्यूब व ब्राउझर गरजेपुरतेच चालू ठेवावेत. सेटिंग्जच्या सुरक्षा विभागात ‘ॲप पिन’ करण्याची सोय असते. ती चालू केली, की मुलाच्या पडद्यावर शिक्षकाने निवडलेले एकच ॲप उघडे राहते आणि तसा पर्याय निवडल्यास बाहेर पडण्यासाठी पिन लागतो. पहिली-दुसरीच्या वर्गासाठी ही एक सोय बाकी सर्व बंदोबस्ताहून अधिक उपयोगी पडते.

लेखनासाठी गूगलचा जीबोर्ड कळफलक मराठीसह बसवावा. त्यात बोलून टंकलेखन करता येते आणि बोटाने अक्षर गिरवूनही. अक्षर गिरवण्याची सोय तिसरी-चौथीच्या मुलांना विशेष आवडते, कारण जोडाक्षर कोणत्या कळांनी तयार होते हे त्यांना अजून माहीत नसते.

फॉन्टच्या प्रश्नावर थोडे थांबणे आवश्यक आहे. तालुक्यातील डीटीपी केंद्रातून आलेल्या किंवा जुन्या संगणकावर तयार केलेल्या प्रश्नपत्रिका अनेकदा श्री-लिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. अशी वर्ड फाइल टॅबवर उघडली की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. टॅबमध्ये बिघाड झाला असे समजून पुष्कळ जण तेथेच नाद सोडतात. वस्तुतः त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली असतात आणि तो फॉन्ट नसलेल्या उपकरणाला ती जशीच्या तशी दिसतात. त्याच फाइलची फॉन्टसह पीडीएफ केली तर ती वाचता येते, परंतु तिच्यातील मजकूर शोधता किंवा उचलून दुसरीकडे नीट चिकटवता येत नाही. यावर कायमचा उपाय एकच आहे : यापुढचे सर्व लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व उपकरणांना समजणाऱ्या मानक अक्षरसंकेतात, करावे आणि जुने महत्त्वाचे साहित्य परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावे. परिवर्तित मजकुरातील रफार, ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरे मात्र डोळ्यांनी तपासावीत, कारण चुका नेमक्या तेथेच राहतात.

४. साहित्य आधी उतरवा, मग वर्गात जा

सुरुवात दीक्षा ॲपपासून करावी. केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या या मंचावर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडशी जोडलेले साहित्य मोफत मिळते. ॲप उघडल्यावर भाषा, मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडावी, पुस्तकातील कोड स्कॅन करावा आणि समोर आलेले साहित्य पाहून नव्हे, तर उतरवून ठेवावे. कोड पुसट छापला असेल, तर त्याच्याखालील अक्षरे व अंक टंकूनही तेच साहित्य उघडते. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफही उतरवून घ्याव्यात; दप्तर न आणलेल्या मुलासाठी त्या कामी येतात.

सापळा असा की दीक्षावरील काही साहित्य म्हणजे यूट्यूबवरील व्हिडिओचा केवळ दुवा असतो. तो यादीत दिसतो, शाळेत मात्र उघडत नाही. म्हणून घरी किंवा तालुक्याच्या गावी साहित्य उतरवून झाल्यावर टॅब विमान मोडवर टाकावा आणि उद्या लागणारी प्रत्येक गोष्ट एकदा उघडून पाहावी. जे विमान मोडवर चालते तेवढेच पाठ टाचणात लिहावे.

सर्व टॅबमध्ये एकेक करून साहित्य भरणे कंटाळवाणे आहे. एका टॅबमध्ये उतरवलेल्या पीडीएफ, व्हिडिओ आणि ध्वनिफिती पेनड्राइव्हने किंवा अँड्रॉइडच्या क्विक शेअर सोयीने इंटरनेटशिवाय इतर टॅबमध्ये पाठवता येतात. मोबाइलचा हॉटस्पॉट हा त्यावरचा पर्याय नव्हे. बहुतेक फोन एका वेळी ८ ते १० उपकरणांपलीकडे जोडणी देत नाहीत आणि दिवसाचा डेटा पहिल्या अर्ध्या तासातच संपतो.

जुना लॅपटॉप आणि राउटर उपलब्ध असल्यास कोलिब्री या मुक्त प्रणालीचा विचार करावा. ‘लर्निंग इक्वॅलिटी’ या ना-नफा संस्थेने ती मुख्यतः इंटरनेट नसलेल्या ठिकाणांसाठी तयार केली आहे. लॅपटॉपवर कोलिब्री बसवायची, राउटरने वर्गापुरते वाय-फाय तयार करायचे, आणि मग टॅबच्या ब्राउझरमधून मुले त्या लॅपटॉपवरील साहित्य पाहतात. इंटरनेट लागत नाही. तिचे खरे बलस्थान असे की शिक्षकाला स्वतःच्या पीडीएफ, व्हिडिओ, ध्वनिफिती आणि सरावप्रश्न एकत्र करून शाळेची स्वतंत्र वाहिनी तयार करता येते, आणि कोणत्या मुलाने काय सोडवले याची नोंदही आपोआप राहते. तांड्यावरील शाळेत, जिथे मुले घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलतात, तिथे गावातील आजींनी गोरमाटीत सांगितलेल्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून या वाहिनीत ठेवाव्यात. पहिलीच्या मुलांसाठी असे साहित्य बाहेरून तयार मिळत नाही. कोलिब्रीची पहिली बसवणी वेळखाऊ आहे, म्हणून ती दिवाळीच्या सुटीत करावी.

५. वर्गात टॅब कधी द्यायचा

सर्व मुलांना एकदम टॅब देऊन सर्वांना एकच व्हिडिओ दाखवणे हा टॅबचा सर्वांत वाया जाणारा वापर आहे. त्यासाठी एक स्पीकर आणि एक पडदा पुरेसा असतो. टॅबची खरी गरज बहुवर्ग अध्यापनात आहे. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता असतात. तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत असताना चौथीच्या मुलांना केवळ पाढे लिहायला बसवण्याऐवजी त्यांचे चार-चारचे गट करावेत, प्रत्येक गटाला एक टॅब द्यावा आणि वीस मिनिटांत पूर्ण होईल असे नेमके काम द्यावे. ‘टॅबवर अभ्यास करा’ हे काम नव्हे. ‘अपूर्णांकाचा व्हिडिओ दोनदा ऐका, मग पान उलटून कागदाच्या पट्ट्यांनी तीन उदाहरणे मांडा, आणि मांडणीचा फोटो काढून ठेवा’ हे काम आहे.

गटातील भूमिका फिरत्या ठेवाव्यात. एकाच्या हाती टॅब, एकाच्या हाती वही, एक वाचणारा, एक तपासणारा. असे केले नाही तर टॅब कायम त्याच मुलाच्या हाती राहतो ज्याच्या घरी मोबाइल आहे, आणि मुली पाहुण्यासारख्या शेजारी बसून राहतात. हे जवळपास प्रत्येक वर्गात घडते. म्हणून टॅब कोणाकडे आहे याकडे शिक्षकाने जाणीवपूर्वक लक्ष द्यावे.

६. नोंदी आणि चाचण्या

गूगल फॉर्मवर चाचणी घेणे सोपे आहे आणि गुणही आपोआप मिळतात, परंतु उत्तरे पाठवताना इंटरनेट लागते. नेटवर्क येत-जात असेल, तर मुलाने सोडवलेली चाचणी ‘पाठवा’ म्हणताच अडकून बसते आणि ते मूल रडवेले होते. त्यामुळे वर्गातील चाचणी कागदावर किंवा कोलिब्रीवर घ्यावी आणि गुण गूगल शीट्समध्ये भरावेत. शीट्सची फाइल ड्राइव्हमध्ये ‘ऑफलाइन उपलब्ध’ अशी निवडून ठेवली, की नेटवर्क नसतानाही तीत लिहिता येते आणि उपकरण नेटवर्कमध्ये आले की बदल आपोआप क्लाउडवर जातात. दोन शिक्षक एकाच फाइलमध्ये ऑफलाइन लिहिणार असतील, तर प्रत्येकाचे पान वेगळे ठेवावे; एकाच रकान्यात दोघांनी बदल केले तर त्यांतील एकाचे लेखन दुसऱ्याखाली जाऊ शकते.

फाइलचे नाव ‘वर्ष-इयत्ता-विषय-घटक’ या एकाच क्रमाने द्यावे. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल दोन’ अशी नावे वर्षअखेरीस कोणालाही उलगडत नाहीत.

७. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी तयारी

बीड जिल्ह्यात आणि जालना, परभणी, हिंगोली, धाराशिवच्या काही भागांत दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर गेलेल्या आई-वडिलांबरोबर मुलेही जातात. शिक्षण ‘मोबाइल’ असण्याची गरज या मुलांइतकी दुसऱ्या कोणाला नाही. आणि टॅबविषयीच्या प्रशिक्षणात त्यांचाच उल्लेख नसतो.

प्रथम हे स्पष्ट असावे की मूल गावात राहू शकत असेल, तर हंगामी वसतिगृह हा केव्हाही अधिक चांगला मार्ग आहे. आजी-आजोबांशी बोलून, समितीची बैठक घेऊन, आधी तो प्रयत्न पूर्ण करावा. जे मूल जाणारच आहे त्याला शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे ते जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसवून घेणे सोपे जाते. तिसरा मार्ग मोबाइलचा, आणि तो या दोहोंना जोड म्हणून आहे.

टोळी निघण्यापूर्वी, म्हणजे नवरात्रातच, पुढील माहिती नोंदवहीत घ्यावी : कारखान्याचे नाव आणि तालुका, मुकादमांचा क्रमांक, वडिलांचा आणि आणखी एका नातेवाइकाचा क्रमांक. एकच क्रमांक घेतल्यास रिचार्ज संपल्यावर संपर्क तुटतो. फोन साधा आहे की स्मार्टफोन, त्यात मेमरी कार्ड बसते का, आणि तो दिवसा कोणाजवळ असतो हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘वडिलांजवळ’ असे असते. कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, पहाटे फडात जातो आणि गाडी भरून झाल्यावरच कोपीवर (राहत्या झोपडीवर) परततो. मुलाला फोन मिळाला तर तो संध्याकाळी, तोही थोडा वेळ, आणि बॅटरी उरलेली असेल तरच. या अर्ध्या तासात जे बसते तेवढेच साहित्य द्यावे.

अशा परिस्थितीत व्हिडिओपेक्षा आवाज सरस ठरतो. पाच मिनिटांचा पाठ मध्यम दर्जाच्या ध्वनिफितीत सुमारे अडीच एमबीत मावतो. तेवढ्याच वेळेचा व्हिडिओ कमी दर्जाचा असला तरी त्याच्या आठ-दहा पट जागा आणि डेटा घेतो. शिवाय आवाज ऐकताना पडदा बंद ठेवता येतो, त्यामुळे बॅटरी वाचते, आणि धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीलाही तो ऐकता येतो.

कामाची पद्धत अशी ठेवावी. प्रत्येक मुलाला छापील सराव पुस्तिका द्यावी आणि तिच्या पानांचे क्रमांक ध्वनिफितींच्या क्रमांकांशी जुळवावेत : १२ क्रमांकाची फीत ऐकायची आणि १२ क्रमांकाचे पान सोडवायचे. निघण्यापूर्वी सर्व फिती पालकांच्या फोनमध्ये किंवा मेमरी कार्डात भरून द्याव्यात, म्हणजे डेटाचा प्रश्नच येत नाही. साध्या फोनमध्येही मेमरी कार्ड बसत असेल, तर एमपी-३ स्वरूपातील फिती वाजतात. आठवड्यातून एकदा मुलाने पुस्तिकेच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा. शिक्षकाने त्यावर लाल शाईसारखे शेरे टंकून पाठवण्यापेक्षा मुलाचे नाव घेऊन अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पाठवावा. आई-वडीलही तो ऐकतात आणि पुढच्या आठवड्यात फोन मुलाच्या हाती जाण्याची शक्यता वाढते.

शाळेचा टॅब कोपीवर पाठवावा का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझे स्पष्ट मत नाही असे आहे. तो डेडस्टॉकमधील वस्तू आहे, कोपीवर वीज नसते, आणि तो हरवला तर आधीच उचल घेऊन गेलेल्या कुटुंबावर आणखी एक ओझे पडते. मेमरी कार्ड हरवले तर दुसरे देता येते.

पहिली-दुसरीच्या मुलांना ही पद्धत एकट्याने जमत नाही. कारखान्यावर त्यांच्याबरोबर पाचवी-सहावीचे कोणी भावंड असेल, तर त्याला ‘ताई शिक्षक’ किंवा ‘दादा शिक्षक’ म्हणून नेमून फिती कशा लावायच्या हे शाळेतच शिकवावे. परत आल्यावर या मुलांची चाचणी घेऊन ती कुठपर्यंत पोहोचली ते पाहावे आणि तेथूनच पुढे शिकवावे. वर्ग पुढे गेला म्हणून त्यांनाही थेट पुढच्या धड्यावर बसवू नये.

८. संमती आणि मुलांची माहिती

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व त्यात आहे. म्हणून सत्राच्या आरंभी सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत एक पानी संमतिपत्र घ्यावे : मुलाचे नाव कोणत्या ॲपमध्ये जाईल, फोटो कशासाठी काढले जातील, ते कोण पाहील. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवावे आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा.

गूगलचे स्वतंत्र खाते उघडण्यासाठी मुलाचे वय किमान १३ वर्षे असावे लागते. जन्मवर्ष खोटे टाकून प्राथमिकच्या मुलांची खाती उघडून देण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती पाळू नये आणि तिची गरजही नाही, कारण दीक्षा किंवा कोलिब्रीवर मुलाचे गूगल खाते नसले तरी काम चालते. आधार क्रमांक, बँक खाते आणि जातीचे दाखले ड्राइव्हमधील सर्वांना खुल्या दुव्यावर कधीही ठेवू नयेत. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो आणि अनेक मातांना ते नको असते. अशा वेळी ब्रॉडकास्ट यादी वापरावी. मात्र शिक्षकाचा क्रमांक ज्यांनी आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तिचा संदेश पोहोचतो, तेव्हा पालक सभेत तो क्रमांक सर्वांकडून साठवून घ्यावा.

ओटीपी विचारणारा किंवा ‘शिष्यवृत्ती जमा झाली’ असे सांगून दुवा पाठवणारा संदेश पालकांकडे आला, तर त्याला उत्तर देऊ नये हेही याच सभेत सांगावे. पैसे गेल्यास तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

९. वीज आणि उन्हाळा

टॅबचा चार्जर साधारण १० ते १५ वॉट घेतो, म्हणजे १० टॅबना १५० वॉटपेक्षा अधिक लागत नाहीत. घरगुती इन्व्हर्टरवर ते सहज चालतात. सर्व टॅब एकाच स्वस्त बोर्डावर लावून खोलीला कुलूप घालून जाऊ नये. चार्जिंग शाळेच्या वेळेत, डोळ्यांसमोर करावे आणि टॅब एकमेकांवर रचून ठेवू नयेत.

एप्रिल-मे महिन्यांत नांदेड, परभणीकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तर बहुतेक टॅब ३५ अंशांपर्यंतच्या वातावरणात वापरण्यासाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीतील लोखंडी कपाट दुपारी बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. उन्हाळी सुटीत टॅब स्लॅबच्या खोलीत, जमिनीलगत, खिडकीपासून दूर ठेवावेत. ते ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली असावी आणि टॅब पूर्ण बंद असावा. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी उष्णतेत लवकर जुनी होते, आणि पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी जूनमध्ये अनेकदा चार्जच होत नाही. फुगलेली बॅटरी दिसली, पडदा कडेने उचललेला दिसला, तर तो टॅब पुन्हा चार्जिंगला लावू नये. वेगळा काढून रजिस्टरमध्ये तशी नोंद करावी.

शाळा उघडण्यापूर्वी दोन दिवस आधी सर्व टॅब चार्ज करून नेटवर्क असलेल्या ठिकाणी न्यावेत, प्रणाली आणि ॲप अद्ययावत करावीत, मागील वर्षीच्या इयत्तांचे उतरवलेले साहित्य काढून जागा मोकळी करावी आणि नव्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड पुन्हा स्कॅन करावेत, कारण पुस्तक बदलले असेल तर जुने साहित्य नव्या धड्यांशी जुळत नाही. हे करताना मागील वर्षीच्या मुलांचे फोटो आणि ध्वनिमुद्रणे शाळेच्या ड्राइव्हमध्ये हलवून टॅबमधून पुसून टाकावीत.